पाण्यातल्या चिमुकल्या जिवांचं वजन: काटा चुकतोय की पाणी?

शिंपलीशोध | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. धागा विज्ञान विभागात काढतेय, पण सोनार, मत्स्यशेतीवाले, भौतिकशास्त्राचे मास्तर, कुणीही या. डोकं चालेनासं झालंय.

सांगलीत प्राणिशास्त्रात पीएच.डी. करतेय. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या उथळ पाण्यातून बेलामिया जातीच्या गोगलगायी आणल्यात. ही जात अंडी घालत नाही, पिल्लं शंखासकट जन्माला येतात. त्या पिल्लांचे दोन गट केलेत. एक नदीच्या पाण्यात, दुसरा जास्त कॅल्शियमच्या पाण्यात. कॅल्शियम वाढवलं की शंख जड होतो का, एवढाच प्रश्न. त्यासाठी दर आठवड्याला वजन.

आता गंमत बघा. सात-आठ मिलिमीटरचं एकच पिल्लू, एकच दुपार. टिपकागदावर पुसून काट्यावर ठेवलं तर १४१ मिलिग्रॅम, मग १५६, मग १४९. चहाच्या गाळणीने उचलून, आधीच टेअर केलेल्या (म्हणजे काट्यावर ठेवून आकडा शून्य केलेल्या) पाण्याच्या बीकरमध्ये सोडलं तर १७१, परत केलं तर १८८. आणि शिवणाच्या दोऱ्याला तारेचा छोटा पाळणा बांधून त्यात पाण्याखाली लटकवलं तर, पाळण्याचं वजन वजा जाता, ४२, ३९, ४४.

शेवटचा आकडा कमी का, ते माहीत आहे. आर्किमिडीज शाळेत झालाय. प्रश्न हा आहे की प्रत्येक पद्धतीत आकडा असा का नाचतो? काटा एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो आणि प्रमाणित वजन ठेवलं की चोख उत्तर देतो. गाइडचं म्हणणं, ०.१ मिलिग्रॅमचा काटा मागवू. त्याची किंमत ऐकून आमच्या विभागप्रमुखांनी चहा खाली ठेवला. आठवड्याची वाढ फार तर सहा-सात मिलिग्रॅम असेल. नवीन काट्याने काम होईल का?

सरळसोट | सोमवार, रात्री १०:१५

पुसा, तीनदा वजन करा, सरासरी घ्या, पेपर छापा. गोगलगायीला काही फरक पडत नाही.

तळ्यात_मळ्यात | सोमवार, रात्री ११:०५

@सरळसोट, गोगलगायीला नाही पडत, पण आकड्याला पडतो. सरासरीने फक्त इकडेतिकडे होणारी चूक कमी होते. एकाच बाजूला झुकलेली चूक शंभर वेळा मोजलीत तरी तिथेच बसून राहते.

@शिंपलीशोध, मी साताऱ्याला असतो, माझंही काम गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांवरच. पुसून केलेलं वजन का हलतं ते सांगतो. बेलामियाला झाकण असतं. तुम्ही तिला टिपकागदावर घेता तेव्हा ती आत जाते आणि आत जाताना कवचातलं थोडं पाणी बाहेर ढकलते. किती ढकलेल ते तिच्या मूडवर. झाकण अर्धवट उघडं असताना कागद टेकला तर तो आतलं पाणी शोषून घेतो, आधीच घट्ट मिटलेली असली तर पाणी आतच राहतं. तुम्हाला आलेला पंधरा मिलिग्रॅमचा फरक बहुतेक तिथला आहे. त्यात काट्याचा दोष शून्य.

आणि तुमच्याकडे टोपलीत इंडोप्लॅनॉर्बिस, म्हणजे ती चपट्या चकलीसारखी गुंडाळलेली जात, चुकून आली असेल तर ती वेगळी काढा. ती हवा घेणारी आहे, तिला फुप्फुस असतं. पाण्यात लटकवून तिचं वजन करणं म्हणजे तिने शेवटचा श्वास किती घेतला तेच मोजणं. बेलामिया कल्ल्यांनी श्वास घेते, त्यामुळे तुम्ही त्या बाबतीत सुखी. मात्र ती पाण्याबाहेर असताना आत ओढली गेली आणि मिटली, तर थोडी हवा अडकू शकते. म्हणून पाण्याखालच्या वजनासाठी तिला हवेत आणूच नका. टबात चमचा बुडवा, त्यात ती घ्या, चमच्यातल्या पाण्यासकट पाळण्याच्या भांड्यात न्या, पाण्याखालीच पाळण्यात सोडा.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:२०

मिरजेहून नमस्कार. भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं. प्रश्न सुंदर आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

ताई, तुम्ही तीन पद्धतींनी एकच गोष्ट मोजत नाही आहात. पुसून वजन केलं की शंख, मांस आणि आत उरलेलं पाणी असं सगळं मिळून येतं. बीकरमध्ये सोडलं की तेच सगळं, शिवाय गाळणीने आणि अंगाने वाहून आणलेलं पाणी. काही मुलांना वाटतं, बीकरच्या पाण्यात प्राणी तरंगतो म्हणजे त्याचं वजन काट्याला कळत नाही. तसं नसतं. पाणी त्याला वर ढकलतं, तेवढंच तो पाण्याला खाली ढकलतो, आणि बीकर पारड्यावर आहे. तेव्हा तरंगला, पोहला, तळाला बसला तरी सरासरी आकडा पूर्ण वस्तुमानाचाच येतो. पोहताना झटके दिले तर आकडा थरथरतो, इतकंच.

आता अंगाला चिकटणाऱ्या पाण्याचा हिशेब. समजा, चिकटलेला थर फक्त ०.१ मिलिमीटर आहे. दहा मिलिमीटर व्यासाच्या गोळ्यावर त्या थराचं आकारमान गोळ्याच्या सहा टक्के होतं. पाच मिलिमीटरच्या गोळ्यावर साडेबारा टक्के. दोन मिलिमीटरच्या गोळ्यावर तेहतीस टक्के. थर तोच, प्राणी लहान होत गेला की पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने वाढत जातो. यातला खरा घात असा की लहान पिल्लू जास्त फुगवून दाखवलं जातं आणि मोठं कमी, त्यामुळे वाढीचा वेग प्रत्यक्षापेक्षा मंद दिसतो. ही चूक सरासरीने जात नाही, वर बरोबर सांगितलंय.

पाण्याखाली लटकवण्याची तऱ्हा उलटी. तिथे चिकटलेल्या पाण्याचा आणि कवचात अडकलेल्या पाण्याचा त्रास उरतच नाही, कारण पाण्यात पाण्याला वजन नसतं. पण त्याच्या बदल्यात दोन नवी भुतं येतात: हवेचा बुडबुडा, आणि दोरा जिथे पाण्याच्या पृष्ठभागातून आत जातो ती जागा. एक मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सुमारे अर्धा मिलिग्रॅम उचलतो. दोन मिलिमीटरचा असेल तर चार मिलिग्रॅमहून जास्त. तुमचा आठवड्याचा सगळा हिशेब त्या एका बुडबुड्यात गेला.

दोऱ्याचं संध्याकाळी लिहितो. फिरायला निघालोय.

गलाईवाला | मंगळवार, दुपारी १:४०

मास्तर, दंडवत घ्या. आमच्या धंद्यातलंच बोलालाय तुम्ही.

मी खानापूर तालुक्यातला, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यापायी सध्या तामिळनाडूत. दुकानात रोज सोनं पाण्यात तोलतो, टंच, म्हणजे शुद्धता, बघायला. शुद्ध सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, तांब्याची ९ च्या आसपास. हवेतलं वजन भागिले पाण्यात कमी झालेलं वजन, आली घनता. कसोटीच्या दगडावर वरचा मुलामा कळतो, पाण्यात आतलं पोट कळतं. (टंगस्टन घातलं असलं तर पाणीपण फसतं, त्याची घनता सोन्याला लागूनच. तो विषय वेगळा.)

आता फरक बघा ताई. दहा ग्रॅम सोनं पाण्यात बुडवलं तर साधारण ५१८ मिली कमी होतं, बाकी साडेनऊ ग्रॅम काट्यावर तसंच ऱ्हातं. मिली म्हणजे आमच्यात मिलिग्रॅम हां. त्यात एखादा बुडबुडा चिकटून एक मिलीचा फरक पडला तर घनता १९.३ ची १९.२६ होते. गिऱ्हाईक हसत जातंय. तुमच्या जित्राबाचं उलटं हाय. मांसाची घनता पाण्याहून जरा जास्त, म्हणजे पाण्यात गेल्यावर जवळजवळ सगळं वजन गायब आणि जे चिमूटभर उरतं त्यावरनं तुम्ही मागचा हिशेब काढणार. तिथं एक मिली म्हणजे लई झालं.

काट्याबद्दल एक सांगतो, हे पुस्तकात बघायला मिळायचं नाही. काटा शून्याजवळ असला की बारीक सरकणारा बदल स्वतःच गिळून टाकतो, परत शून्य दाखवतो. भल्या भल्या काट्यांत ती सोय असते. टेअर करून शून्यावर ठेवलं आणि हळूच काही घातलं तर कधी कधी अर्धंमुर्धं खातो. म्हणून टेअर करू नका. पाळणा लटकवून जो आकडा येईल तो वहीत लिहा, जनावर ठेवून परत लिहा, वजाबाकी हातानं करा. आणि बाजारात स्वस्तात तीन दशांशवाले खिशातले काटे मिळतात, ते दशांश शोभेला असतात.

शेततळं_आटपाडी | मंगळवार, दुपारी ३:१०

मी रोहू-कटला माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतो शेततळ्यात. आमचं नमुना वजन म्हणजे बादलीत पाणी, काट्यावर शून्य, जाळीतनं मासे ओतायचे, आकडा भागिले मासे. खाद्य वजनाच्या तीन ते पाच टक्के टाकायचं असतं, म्हणून पंधरा दिवसांनी करावं लागतं.

जाळी उचलून चार-पाच सेकंद निथळू दिली आणि लगेच ओतली, एवढ्यावरच फरक कमी होतो. न निथळता ओतली की दोन-दोन ग्रॅमच्या पोरांबरोबर पावशेर पाणी जातं आणि आपण खाद्य जास्त टाकून बसतो. खाद्य जास्त झालं की तळं सडतं. पण खरं सांगू, दहा टक्के इकडेतिकडे झालं तर आमचं काय बिघडत नाही. ताई, तुमचं काम लई नाजूक हाय.

एक विचारायचं होतं. हे पाण्यात लटकवून बोटुकलीचं वजन होईल का?

तळ्यात_मळ्यात | मंगळवार, दुपारी ४:००

@शेततळं_आटपाडी दादा, नाही. रोहूच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या जोरावर तो पाण्यात अधांतरी राहतो. म्हणजे पाण्यातलं त्याचं वजन जवळजवळ शून्यच. काट्यावर दिसेल ते त्या पिशवीतल्या हवेचं कमी-जास्त. तुमची बादलीच बरी.

उलट शंखवाल्यांना ही पद्धत वरदान आहे. मांसाची घनता १.०५ च्या आसपास, शंख कॅल्शियम कार्बोनेटचा, त्याची २.७ ते २.८. त्यामुळे पाण्याखालचं वजन बहुतांश शंखाचंच असतं. ताईंचा प्रश्नच शंखाचा आहे! समजा पिल्लात ६० मिलिग्रॅम शंख आणि ७० मिलिग्रॅम मांस आहे. पाण्यात शंखाचे साधारण ३८-३९ उरतात आणि मांसाचे साडेतीन. बेरीज ४२. पहिल्या पोस्टमधला आकडा बघा.

ही युक्ती जुनी आहे. प्रवाळाची वाढ मोजायला ती १९७८ पासून सर्रास वापरतात, आणि रिचर्ड पामर यांनी १९८२ मध्ये समुद्री गोगलगायींचा शंख आणि मांस जिवंतपणीच वेगवेगळं मोजायला तीच वापरली. कृती अशी: काही मेलेल्यांचं पाण्याखालचं वजन आधी करायचं, मग शंख सुकवून हवेत तोलायचा, दोन्हींचा आलेख काढायचा. एकदा ती रेघ हातात आली की जिवंत पिल्लाला पाण्याखाली तोललं, शंखाचं वजन मिळालं. पुसायचं कारणच नाही.

फक्त मोठ्या माद्या या पद्धतीत घेऊ नका. पोटात पिल्लं असतील तर त्यांचे शंखही आईच्या खात्यात जमा होतात, आणि विणीनंतर आई अचानक रोडावलेली दिसते.

मनीमाऊ | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

धागा वाचतेय, निम्मं डोक्यावरून जातंय, पण मजा येतेय. अवांतर: पिल्लं ओळखता कशी? सगळी सारखीच दिसतात ना?

शिंपलीशोध | मंगळवार, रात्री ९:१५

@मनीमाऊ, शंखावर नेलपेंटचे ठिपके. लाल-निळा म्हणजे अमुक, दोन पिवळे म्हणजे तमुक. आईने विचारलं, एवढ्या रंगांच्या बाटल्या कशाला, लग्न आहे का कुणाचं.

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. गाळणीतल्या पाण्याबद्दल मास्तरांचं वाचल्यावर सुचलं, म्हणून मेन रोडवरून काचेचे मणी आणले. मण्याला झाकण नाही, फुप्फुस नाही, मूड नाही. कोरड्या मण्याचं वजन १०२ मिलिग्रॅम. तोच भिजवून गाळणीने बीकरमध्ये सोडला तर १२४ ते १४३ यांच्या मध्ये कुठेही. म्हणजे गाळणीची पद्धत बाद, बिचाऱ्या पिल्लांना उगाच दोष देत होते.

मग मणी पाण्याखाली लटकवला. काचेची घनता २.५ धरली तर ६१ यायला हवेत. येतात ५८ ते ६४. बुडबुडे भिंगातून पाहिले, नाहीत. पाणी रात्रभर ठेवून निवलेलं. मग हा तीन-तीनचा झोल कुठून येतोय?

आणखी एक. उन्हामुळे दुपारी पाणी तीसच्या पुढे जातं, सकाळी पंचवीसला असतं. शिवाय माझं एक पाणी कॅल्शियमवालं. घनता बदलते म्हणून दोन्ही पाण्यांना वेगळी दुरुस्ती लावायची का?

निवृत्त_मास्तर | मंगळवार, रात्री १०:०५

मण्याची युक्ती झकास! मणी जर नाचतोय तर दोष प्राण्यात नाही, मांडणीत आहे. हे एका वाक्यात सिद्ध केलंत.

आधी सोपं. पाण्याची घनता २५ अंशांना ०.९९७० आणि ३० अंशांना ०.९९५७. तुमच्या पिल्लाचं आकारमान ९० घन मिलिमीटरच्या आतबाहेर. फरक पडतो साधारण ०.१ मिलिग्रॅम. कॅल्शियमवाल्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार जास्त असले तरी फरक ०.०४ मिलिग्रॅम. तुमच्या काट्याला हे दिसणारही नाही. या दोन दुरुस्त्यांच्या मागे लागून रात्र घालवू नका. दोन्ही गट एकाच भांड्यातल्या एकाच पाण्यात तोला, विषय संपला.

आता दोरा. पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो, मीटरला सुमारे ०.०७२ न्यूटन. दोरा पृष्ठभागातून आत जातो तिथे पाणी त्याच्या भोवती किंचित चढतं आणि त्याला खाली ओढतं. ओढ दोऱ्याच्या परिघावर ठरते. ०.३ मिलिमीटर जाडीच्या दोऱ्यावर ती जवळपास सात मिलिग्रॅम होते. एक मिलिमीटरची सुतळी लावाल तर तेवीस.

ओढ नेहमी सातच राहिली असती तर वजाबाकीत निघून गेली असती. ती राहत नाही. दोरा खाली जाताना पाणी नीट चढत नाही, वर येताना जास्त चढतं. बोटाचा तेलकटपणा लागला की आणखी वेगळं. आणि तुमचा दोरा सुती, तो पाणी पिऊन वर चढवतो. दहा मिनिटांनी दोऱ्याचंच वजन वाढलेलं असतं. तुमचे तीन-तीन मिलिग्रॅम बहुतेक इथेच आहेत. पृष्ठभागातून जाणारी वस्तू जितकी बारीक, तितकं हे भूत लहान.

जाता जाता एक आठवण. गॅलिलिओने १५८६ मध्ये पाण्यात तोलायचा काटा सुचवला तेव्हा दांडीवर अगदी बारीक तार गुंडाळली होती, आणि वेढे डोळ्यांनी मोजणं अवघड म्हणून टोकदार सुई तारेवरून फिरवून आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या खाचांवरून ते मोजायचे असं लिहून ठेवलंय. मोजणाऱ्याने काटा बदलायच्या आधी स्वतःचा हात आणि कान वापरले.

सरळसोट | मंगळवार, रात्री १०:४०

बरं, मान्य. पुसण्यात दम नाही. पण मग नवा काटा घ्यायचा की नाही, हे कोण सांगणार? मूळ प्रश्न तोच होता.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ६:१५

@सरळसोट, आज घ्यायचा नाही. मांडणी तीन मिलिग्रॅमने डुलतेय आणि काटा एकचा आहे. ०.१ चा काटा आणलात तर तोच डुलणारा आकडा एक दशांश जास्त दाखवत डुलेल.

पण पुढचं खरं बोललं पाहिजे. आठवड्यात समजा शंखाची वाढ चार मिलिग्रॅम झाली, तर पाण्याखाली त्यातले अडीचच दिसणार. दोन वजनांच्या वजाबाकीत दोघांच्या चुका मिसळतात. प्रत्येक वजनात एकची चूक असेल तर फरकात सुमारे १.४ ची. अडीचमध्ये १.४ म्हणजे धूसरच. तेव्हा मांडणी सुधारून डोलणं एक मिलिग्रॅमच्या आत आलं की मगच चांगल्या काट्याचा पैसा वसूल होतो. तोवर आठवड्याऐवजी महिन्याने तोला. चार पट वाढ, चूक तेवढीच.

गलाईवाला | बुधवार, सकाळी ११:३०

पंखा बंद करता का ताई? बाकी सगळं शास्त्र ऱ्हाऊ दे, आमच्या दुकानात पहिला नियम तो.

शिंपलीशोध | बुधवार, दुपारी १:०५

@गलाईवाला दादा, एप्रिलात, सांगलीत, पत्र्याच्या छताखाली, पंखा बंद? गेल्या आठवड्यात लॅबमधल्या मुलींनी बंडच केलं होतं. काट्याला काचेची पेटी आहे, पण लटकवायच्या मांडणीमुळे एक बाजू उघडी राहते.

आणि एक लक्षात आलं. बीकर पारड्यावर ठेवला की आकडा सावकाश खाली सरकत राहतो. मला वाटलं काटा बिघडला.

निवृत्त_मास्तर | बुधवार, दुपारी २:२०

काटा ठणठणीत आहे. ते बाष्पीभवन. पाच सेंटीमीटर तोंडाच्या बीकरमधून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडालं तर ते दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मिनिटाला सात मिलिग्रॅम. पंख्याखाली त्याहून जास्त. तुम्ही गोगलगाय शोधून आणेपर्यंत एका आठवड्याची वाढ हवेत गेली.

लटकवण्याच्या मांडणीचा इथे फायदा आहे. बीकर पारड्यावर नाही, पारड्यावरून गेलेल्या पुलावर आहे. त्यातलं पाणी उडालं तरी काट्याला त्याचा पत्ता नाही. पातळी किंचित उतरते आणि तारेचा थोडा जास्त भाग उघडा पडतो, पण तो परिणाम नगण्य. तरी वाऱ्याची झुळूक पाळण्याला हलवते, तेव्हा पंखा निदान वजनाच्या वेळी बंद करा. मुलींना तेवढा वेळ बाहेर चहाला पाठवा.

तळ्यात_मळ्यात | बुधवार, दुपारी ४:४५

बीकर पारड्यावर ठेवूनही एक उपयोग होतो, तो सांगून ठेवतो. बीकर पारड्यावर, आणि पाळणा बाहेरच्या स्टँडवरून पाण्यात लटकवलेला, कुठेही न टेकता. आता काटा जो वाढीव आकडा दाखवेल तो फक्त प्राण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा, म्हणजे त्याच्या आकारमानाचा. मग प्राणी तळाला सोडा, आता पूर्ण वस्तुमान. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पाण्यातलं वजन. झाकण ठेवून, पटापट केलं तर बाष्पीभवन आवरतं. शिंपल्यांसाठी मी हेच करतो, कारण लॅमेलिडेन्स जातीची शिंपली पाळण्यात मावत नाही.

शिंपलीशोध | गुरुवार, रात्री ८:३०

अपडेट. काल सुती दोरा काढून गळाची बारीक तंगूस लावली. पंखा बंद. टेअर बंद, वजाबाकी वहीत. मणी आता ६० ते ६२! पिल्लू ४१, ४२, ४२.

गाइडना मण्यांचे आकडे दाखवले. त्यांनी वही बराच वेळ पाहिली आणि काट्याचं कोटेशन ड्रॉवरमध्ये टाकलं. फाडलं नाही, हे नमूद करते.

तंगूस मात्र कुरळी आहे, सरळ लटकत नाही, आणि कधी कधी पाणी तिच्यावर नीट पसरत नाही, एका बाजूला चढतं. त्यापेक्षा तार बरी का? तांब्याची बारीक तार लॅबमध्ये आहे, जुन्या मोटरच्या वेटोळ्यातली.

तळ्यात_मळ्यात | गुरुवार, रात्री ८:५०

तांबं अजिबात नको!! मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, गोगलगायी मारायलाच वापरतात. वजनापुरतं पाच मिनिटं ठेवाल, ठीक, पण पाळणा आणि तार तेच पाणी दिवसभर ढवळणार. या जिवांना तांबं सहन होत नाही. आणि आत्ताचा पाळणा कशाचा आहे तेही तपासा.

शिंपलीशोध | गुरुवार, रात्री ८:५८

पाळणा स्टीलचा आहे, भांडी घासायच्या तारेच्या घोसातला एक धागा. हुश्श.

गलाईवाला | गुरुवार, रात्री ९:२०

चांदीची काढून पाठवू का? पाहिजे तितकी बारीक ओढून देतो.

तळ्यात_मळ्यात | गुरुवार, रात्री ९:२६

चांदीसुद्धा पाण्यातल्या जिवांना मानवत नाही दादा. मन मोठं आहे तुमचं, पण नको.

गलाईवाला | गुरुवार, रात्री ९:३१

मग सोन्याची! हसू नका. ०.१ मिलिमीटर जाडीची वीतभर तार म्हणजे तीस मिलीच्या आसपास सोनं. गंजत नाही, कुणाला बाधत नाही. तुमच्या त्या काट्याच्या कोटेशनपेक्षा स्वस्तच पडंल. फक्त लॅबला कुलूप लावा.

निवृत्त_मास्तर | शुक्रवार, सकाळी ६:१०

सोनं राहू द्या गलाईवाले, ती तार पहिल्याच दिवशी तुटेल आणि पोरीला रजिस्टरमध्ये नोंद करत बसावं लागेल. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली कशाला आहे? २०२४ मध्ये सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून सत्कार झाले, पण तारा अजून तिथे सुट्या मिळतात. पोलादी तार, जाडी ०.२ मिलिमीटरच्या जवळची. पृष्ठभागाची ओढ साडेचार-पाच मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या सुती दोऱ्यापेक्षा कमी, आणि तार ताठ असल्याने पाणी सगळीकडून सारखं चढतं. आधी साबणाने धुवा, भरपूर पाण्याने खळखळून घ्या, मग बोट लावू नका, चिमट्यानेच धरा. काम झालं की पुसून कोरडी ठेवा, नाहीतर गंजेल.

शिंपलीशोध | शुक्रवार, सकाळी ९:४०

मास्तर, रविवारी मिरजेला येतेय. दुकानात नेमकं काय मागू? "गोगलगायीसाठी तार द्या" म्हटलं तर हाकलून देतील.

निवृत्त_मास्तर | शुक्रवार, सकाळी १०:००

सतारीची तरफेची (मुख्य तारांच्या खाली असते ती) मागा, सगळ्यात बारीक. जोडाची देऊ लागले तर घेऊ नका, ती ब्राँझची असते, म्हणजे परत तांबं आलंच. आणि वीतभर नको, दोन हात घ्या. पहिली वाकवण्यात जाते.